डबीत काय ओतायचं?

सोनोग्राफी करून आलेल्या कुठल्याही बाईला विचारा. डॉक्टर काय बोलले ते तिला आठवो न आठवो, पोटावर ओतलेला तो गारगार जेल मात्र हमखास आठवतो. पुसदमध्ये माझं मेडिकल आहे. हा जेल मी कित्येक वर्षं विकतो आहे. त्यात औषध काहीच नसतं. बहुतांश पाणी, ते घट्ट करणारा एखादा पदार्थ आणि थोडंसं प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन. तरी तो नसेल तर लाखो रुपयांचं मशीन आंधळं. कारण मशीनचं डोकं आणि कातडी यांच्यामध्ये कागदाएवढा जरी हवेचा थर राहिला, तरी आवाज तिथूनच माघारी फिरतो. आत जातच नाही.

आवाज एका पदार्थातून दुसऱ्यात किती जाईल आणि किती परत फिरेल, हे त्या दोन पदार्थांच्या एका गुणावर ठरतं. पदार्थाची घनता आणि त्यातला आवाजाचा वेग यांचा गुणाकार केला की तो गुण मिळतो. दोन्हीकडचे आकडे जवळजवळचे असले की आवाज सहज पलीकडे जातो. पाण्याचा आकडा हवेच्या साडेतीन हजार पटींहून मोठा आहे. म्हणून पाण्यातून निघालेला आवाज हवेच्या तोंडाशी आला की हजारातले नऊशे नव्व्याण्णव भाग मागे फिरतात. विहिरीत डुबकी मारलेल्या पोराला काठावरच्या माणसाची हाक ऐकू येत नाही, त्यामागे मोठं कारण हेच.

हे सगळं सांगायचं कारण असं की मागच्या नोव्हेंबरात माझ्या भाच्याचा फोन आला. घरात आमची बोली आपली नेहमीची, अर्धी उर्दू, अर्धी वऱ्हाडी. त्यानं विचारलं, "मामू, दुकान में एरंडी का तेल है क्या? लिटरभर?" मला वाटलं, घरात कुणाचं पोट बिघडलं. पण लिटरभर एरंडेल कोण पितं! विचारल्यावर कळलं की पोट बोटीचं आहे.

भाचा सिव्हिलचा डिप्लोमा करून एका छोट्या सर्व्हे एजन्सीत नोकरीला लागला आहे. इसापूर धरणाच्या फुगवट्यातल्या एका फाट्याची खोली मोजायचं लहानसं काम त्यांच्याकडे होतं. इसापूर धरण पैनगंगेवर आहे, साधारण ५७ मीटर उंचीचं, मातीचं. पाणी भरलं की ते आमच्या पुसद तालुक्याच्या शिवारात लांबवर पसरतं. असं मोजमाप पावसाळा संपून धरण भरलेलं असताना करतात, म्हणजे काठापर्यंतचा सगळा तळ बोटीखाली येतो. बोटीत इको साउंडर ठेवायचा. त्याचा ट्रान्सड्यूसर खाली आवाजाचा ठोका सोडतो, ठोका तळावर आपटून परत येतो, आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून यंत्र खोली काढतं. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. तीस मीटर खोल पाण्यात जाऊन यायला सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. बस, एवढंच.

मोठ्या कामात ट्रान्सड्यूसर बोटीच्या कडेला खांबाला बांधून सरळ पाण्यात सोडतात. तेच उत्तम. पण इथे अडचण होती. धरणाच्या त्या भागात बुडालेल्या शिवारातल्या बाभळी अजून उभ्या आहेत, शिवाय भोई लोकांची जाळी जागोजागी लावलेली. बाहेर काही लोंबकळत ठेवलं की पहिल्याच दिवशी अडकणार. जाळं फाटलं तर त्या माणसाची आठवड्याची कमाई गेली, आणि ट्रान्सड्यूसर तुटला तर एजन्सीची. बोटही भाड्याचीच होती, एका भोई काकांची. त्यांचा जुना लाकडी डोंगा मोडल्यावर त्यांनी ही फायबरची बोट घेतलेली. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "भोक पाडू देनार नाई बरं, आधीच सांगून ठेवतो. बोटीले भोक म्हंजे काय, तुमाले माईत नाई."

यावर उपाय आहे, आणि तो समुद्रावरच्या छोट्या बोटींत सर्रास वापरतात. ट्रान्सड्यूसर बोटीच्या आतच, तळावर बसवायचा आणि आवाज फायबरच्या आरपार पाठवायचा. यालाही अटी आहेत. फायबर भरीव हवं. दोन थरांच्या मध्ये लाकूड किंवा फोम भरलेला असेल तर चालत नाही, कारण फोममध्ये हवाच हवा. लाकडी बोटीत चालत नाही, हवेच्या रबरी बोटीत तर नाहीच नाही. जागाही अशी निवडावी लागते, जिथे बोट पळतानासुद्धा खालून पाणी सुटत नाही आणि इंजिनाचे बुडबुडे येत नाहीत. भरीव फायबरमधून जाताना आवाज थोडा दमतो, पण पोचतो.

मग ट्रान्सड्यूसर सरळ तळाला चिकटवून का टाकत नाहीत? काही जण टाकतात. पण मग तो निघत नाही. शिवाय बोटीचा तळ सपाट नसतो, दोन्ही बाजूंनी मध्याकडे उतरता असतो. ट्रान्सड्यूसर मात्र सरळ खाली बघायला हवा. तो तिरका बसला तर तिरकी खोली दाखवणार. म्हणून एक प्लास्टिकची डबी घेतात, तिचा खालचा काठ बोटीच्या उताराप्रमाणे कापतात, एपॉक्सीनं ती तळावर बसवतात आणि ट्रान्सड्यूसर त्या डबीत सरळ उभा ठेवतात. खाली पाचरीच्या आकाराची जी पोकळी उरते तीत काहीतरी द्रव भरायचा. काम संपलं की ट्रान्सड्यूसर काढून घ्यायचा, डबी राहिली तर राहिली.

प्रश्न एवढाच होता: त्या पोकळीत काय ओतायचं? दोन-तीन वाट्या द्रव. त्यावर आमच्या घरात चार दिवस एरंडाचं गुऱ्हाळ चाललं.

भाच्याला एरंडेल हवं होतं, त्याला कारण होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून पाणबुड्या शोधणाऱ्या यंत्रांच्या डब्यांत एरंडेल भरत आले आहेत, हे त्यानं कुठेतरी वाचलं होतं. ते खरं आहे. पाण्याखाली ऐकणाऱ्या कितीतरी यंत्रांत आजही एरंडेल असतं. त्याची घनता पाण्यापेक्षा थोडी कमी, ०.९६. त्यातला आवाजाचा वेग पाण्याच्या अगदी जवळ. म्हणजे आवाजाला पाण्यातून एरंडेलात शिरताना आपण वेगळ्या ठिकाणी आलो हे कळतही नाही. वीज त्यातून जात नाही. नैसर्गिक रबर त्यात फुगत नाही, म्हणून जुन्या गाड्यांच्या ब्रेकमध्येही एरंडेलाचं मिश्रण असे. कॅस्ट्रॉल या नावातला "कॅस्टर" म्हणजे आपला एरंडच. जगात सर्वांत जास्त एरंडी भारतात पिकते, त्यातली बहुतेक गुजरातेत. आपल्याकडे तो बांधावर, उकिरड्यावर आपोआप उगवतो, म्हणून त्याला कुणी मान देत नाही. ओसाड गावी एरंड बळी, असं म्हणून आपण त्याची बोळवण करतो. पण लढाऊ जहाजांत त्याला जागा मिळाली ती गुणावर.

त्याचा दोष एकच: ते घट्ट आहे. ओतताना त्यात बुडबुडे अडकतात आणि वर यायला तासन्‌तास घेतात. नोव्हेंबरातल्या थंड सकाळी तर विचारूच नका. आणि बुडबुडा म्हणजे हवा. जिच्यापासून पळायचं तिलाच आत बोलावल्यासारखं.

मी कपाटातून एकेक बाटली काढून काउंटरवर मांडली. ग्राहक नव्हते तेवढ्यात भाचा आकडे काढत बसला.

साधं पाणी. आवाजासाठी याच्याइतकं योग्य काही नाही, कारण खाली तरी पाणीच आहे. पण पाण्यात हवा विरघळलेली असते. दुपारी बोट तापली की तीच बुडबुड्यांच्या रूपानं बाहेर येते. पाणी आटतं, शेवाळ धरतं. चाचणीपुरतं, उकळून गार केलेलं पाणी चालेल. महिनाभरासाठी नाही.

ग्लिसरीन. घनता १.२६, आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,९०० मीटर. पाण्यापासून बरंच दूर, आणि एरंडेलासारखंच घट्ट.

लिक्विड पॅराफिन, म्हणजे शुद्ध केलेलं खनिज तेल. बद्धकोष्ठासाठी आपण देतो तेच. घनता ०.८५च्या आसपास, वेग १,४३० च्या आसपास. रंग नाही, वास नाही, चव नाही. एरंडेलाच्या मानानं पातळ, म्हणून बुडबुडे लवकर निघतात. खराब होत नाही, आटत नाही.

प्रॉपिलीन ग्लायकॉल. घनता १.०४, वेग सुमारे १,५१०. पाण्याच्या अगदी शेजारी. कितीतरी पातळ औषधांत ते असतं. सांडलं तर पाण्यानं धुऊन निघतं. यंत्रासोबत आलेल्या कागदावर दोनच नावं होती, प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा खनिज तेल.

भाच्यानं या सगळ्यांचे गुणाकार केले आणि हसायला लागला. पाण्यातून पॅराफिनमध्ये शिरताना आवाजाचा शंभरातला एक भाग परत फिरतो. प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा एरंडेल असेल तर त्याहूनही कमी. ग्लिसरीन घेतलं तरी सहाच्या आसपास. म्हणजे आवाजाच्या परीक्षेत सगळेच पास. वेगातल्या फरकानं खोली चुकेल म्हणावं, तर तीन सेंटीमीटरच्या थरात ती चूक काही मिलिमीटरच होते, तीही प्रत्येक वेळी सारखीच, म्हणजे वजा करून टाकता येते. नापास एकटी हवा.

मला ही गोष्ट महत्त्वाची वाटली. आपण समजतो की निवड म्हणजे तांत्रिक प्रश्न आहे, आकडे मांडले की उत्तर मिळेल. इथे आकड्यांनी उत्तर दिलंच नाही. त्यांनी फक्त सांगितलं की आमच्याकडून सगळे चालतील, पुढचं तुम्ही बघा. पुढचं म्हणजे माणसांचं.

आणि नेमकं तिथेच एजन्सीचे साहेब म्हणाले, "एवढी चर्चा कशाला? जीपमध्ये कूलंटचा डबा पडला आहे. तेच ओता."

माणूस वाईट नव्हता. रोजचा बोटीचा खर्च त्याच्या डोक्यावर होता. आणि त्याचं म्हणणं अडाणीपणाचंही नव्हतं. गाडीतलं बहुतेक कूलंट म्हणजे एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी. त्यातून आवाज उत्तम जातो. ते आटत नाही, शेवाळ धरत नाही. मी म्हटलं, ते विष आहे. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं. "मेडिकलवाले भाऊ, दोन वाट्या आहे. आणि इसापूरचं पाणी किती? सगळं सांडलं तरी काय होणार?"

हिशेबानं तो बरोबर होता, आणि हे मान्य करायला हवं. इसापूर भरलं की त्यात हजार दलघमीहून जास्त पाणी असतं. एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर. त्यात दोन वाट्या कूलंट शोधूनही सापडणार नाही. धरणाला विषबाधा होईल असं मी म्हटलं असतं तर तो भीती दाखवण्याचा प्रकार झाला असता, आणि खोट्या भीतीनं खरी काळजी बदनाम होते.

पण धोका धरणाला नव्हताच. धोका बोटीला होता. बोट काही साहेबांच्या ऑफिसात उभी राहणार नव्हती. संध्याकाळी ती काठावर ओढली जाणार, भोई काकांच्या घरापुढे. तिथे त्यांची दोन नातवंडं दिवसभर त्याच बोटीत खेळतात. शेळ्या चढतात. कुत्रं झोपतं. डबीला चीर गेली, झाकण सैल झालं, की तो हिरवा, गोड द्रव बोटीच्या तळात साचणार. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. मोठ्या माणसाचा जीव जायला शंभर मिलिलिटरच्या आसपास पुरतं. दहा किलोच्या लेकराला मोठा चमचाभर. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं, त्याचे स्फटिक मूत्रपिंडात जाऊन बसतात, आणि सुरुवातीला मूल फक्त झिंगल्यासारखं, झोपाळू दिसतं. खेड्यातल्या घरात त्याला कुणी विषबाधा समजत नाही. खेळून दमलं असेल, म्हणतात.

त्यावरचा एक उतारा म्हणजे इथेनॉल, तेच जे दारूत असतं. ते शरीराला स्वतःत गुंतवून ठेवतं, म्हणजे ग्लायकॉलचं विषात रूपांतर थांबतं. आमच्याकडे जीव वाचवण्यासाठी नाइलाजानं हराम वस्तूही चालते, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण तो नाइलाज तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत वेळेत पोचला तर.

साहेबांना मी हे सांगितलं, आणि छिंदवाड्याचं सांगितलं. त्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधानं वीसहून जास्त लहान मुलं गेली. त्यातल्या कित्येकांना शेवटी नागपूरला आणलं होतं. बाटलीत जवळजवळ निम्मं डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, एथिलीन ग्लायकॉलचंच भावंड. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे ऐकून झोप लागत नाही. कारण प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, एथिलीन ग्लायकॉल आणि डायएथिलीन ग्लायकॉल हे चारही द्रव वाटीत ओतून शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही. चारही बिनरंगी, चारही दाटसर, चारही गोडसर. दोन औषध, दोन जहर. फरक फक्त लेबलात, आणि लेबल लावणाऱ्याच्या इमानात.

ही गोष्ट नवीही नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फाच्या पातळ औषधात डायएथिलीन ग्लायकॉल वापरलं गेलं आणि शंभरावर माणसं मेली. तिथला औषधाचा कडक कायदा त्यानंतर, १९३८ मध्ये आला. आपल्या मुंबईत १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग त्यावर बसला. २०२२ मध्ये गांबियात साठहून जास्त मुलं. प्रत्येक वेळी द्रव स्वच्छ दिसत होता.

साहेब गप्प झाले. मग म्हणाले, "ठीक आहे, कूलंट नको. ते दुसरं, प्रॉपिलीनवालं आणू." त्यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे ते सुटं मिळत होतं. पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनमधून. संध्याकाळी कॅन आला. वर काहीच नव्हतं. नाव नाही, बॅच नंबर नाही, कुणी बनवलं नाही, कधी बनवलं नाही. मी विचारलं, यात काय आहे? आणणारा म्हणाला, "वही है, जो आपने बोला था."

तेवढ्यात दुकानात बसलेले आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग म्हणाले, "बेटा, ग्लायकॉल म्हणजे अल्कोहोलच ना? ते आपल्या दुकानात कशाला?" मी म्हटलं, चाचा, रसायनशास्त्रात ते अल्कोहोलच्या खानदानातलं आहे, ग्लिसरीनही आहे. पण खानदान एक असलं म्हणून सगळ्यांची करणी एक नसते. नशा आणणारा त्यातला वेगळा, आणि हे कुणी पिणारही नाही. चाचांना पटलं. पण त्यांचा प्रश्न मला बरा वाटला. डब्यात काय आहे हे विचारणारा त्या दिवशी दुकानात तो एकटा माणूस होता.

मदरशात लहानपणी एक गोष्ट सांगितली जायची, बहुतेक वाचकांना ती माहीत असेल. पैगंबर साहेब बाजारातून जात होते. एका व्यापाऱ्याच्या धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला. वर धान्य कोरडं, आत ओलं. त्यांनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, पावसानं भिजलं. मग भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी त्याला सुनावलं. या गोष्टीचा अर्थ आम्हाला फसवू नका एवढाच शिकवला गेला. आता दुकानात वीस वर्षं काढल्यावर त्यात मला आणखी एक गोष्ट दिसते. त्यांनी रास वरून बघितली नाही. आत हात घातला. कुरआनातली त्र्याऐंशीवी सूरह तर माप मारणाऱ्यांच्याच नावाची आहे. माप ही आमच्याकडे फक्त व्यापाराची गोष्ट नाही, हिशेबाच्या दिवसाची आहे.

आणि इथे तर सगळं कामच मापाचं होतं. धरणाचा तळ मोजायचा म्हणजे गाळ किती साचला हे काढायचं. गाळ किती यावर पाणी किती हे ठरतं. पाणी किती यावर उन्हाळी आवर्तन कुणाला आणि किती, नळ किती दिवसांनी, हे ठरतं. एक चौरस किलोमीटर पाण्यावर खोली फक्त दहा सेंटीमीटर चुकली तर हिशेबात दहा कोटी लिटर पाण्याची चूक होते. २०११च्या जनगणनेत पुसद शहराची लोकसंख्या ७३ हजारांच्या घरात होती. माणशी रोज शंभर लिटर धरलं तर ते एवढ्या गावाचं तेरा-चौदा दिवसांचं पाणी. ते कागदावर असेल आणि धरणात नसेल, किंवा उलट. याच पुसदच्या सुधाकरराव नाईकांच्या स्मृतिदिनी, १० मे रोजी, महाराष्ट्र जलसंधारण दिन पाळतो. पाणी अडवा, पाणी जिरवा हे आपण म्हणत आलो. पण आधी ते मोजायला हवं, आणि नीट मोजायला हवं.

तर बिनलेबलचा कॅन मी परत पाठवला. कपाटातून लिक्विड पॅराफिनच्या सीलबंद बाटल्या काढल्या. औषधी दर्जाचं, बॅच नंबर आणि तारीख छापलेलं. यंत्राच्या कागदाला चालणारं. वास नाही, म्हणून माशाला वास लागायचा प्रश्न नाही. भोई काकांनी नेमकं तेच विचारलं होतं, "सांडलं तर माशाले वास येईन का? गिऱ्हाईक घेनार नाई मंग." मी त्यांच्यासमोर बाटली उघडली, त्यांच्या बोटावर थेंब दिला. त्यांनी हुंगलं, चाटलं, म्हणाले, "हे तं पानीच हाय, बुळबुळीत." भाच्याला एरंडेल नाही म्हणून वाईट वाटलं, पण पॅराफिनमधले बुडबुडे पंधरा-वीस मिनिटांत निघून गेले तेव्हा तो खूश झाला.

भरायच्या आधी जागा शोधायला त्यांनी एक सोपी युक्ती केली. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून, त्यात ट्रान्सड्यूसर बुडवून, पिशवी बोटीच्या तळावर ठेवायची. तळही थोडा ओला करायचा, म्हणजे पिशवीखाली हवा राहत नाही. मग इकडे-तिकडे सरकवून जिथे आकडा स्वच्छ येतो तिथे खूण करायची. डबी त्या खुणेवर. आतलं फायबर आधी पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करायचं, नाहीतर विणीच्या खाचांत हवा राहते. द्रव हळू, भिंतीच्या कडेनं ओतायचा. बोट थोडी डुलवायची. झाकण लावताना वरपर्यंत भरायचं.

आणि शेवटी परीक्षा. लोखंडी पाटी साखळीला बांधून बोटीखाली सोडायची, दोन मीटर, पाच मीटर, दहा मीटर. यंत्रानं पाटीची खोली बरोबर सांगायला हवी. जो काही सारखा फरक येईल तो नोंदवून वजा करायचा. पाण्याचं तापमानही बघायचं, कारण पंचवीस अंशाला आवाजाचा वेग सुमारे १,४९७ मीटर असतो, तीस अंशाला सुमारे १,५०९. भोई काका हे सगळं बघत होते. ते लांब बांबूनं खोली बघतात, बांबू पुरला नाही तर दगड बांधलेल्या दोरीनं. पाटी खाली गेली, पडद्यावर आकडा आला, साखळीवरची खूण आणि आकडा जुळला. ते म्हणाले, "म्हंजे याचीबी दोरीच हाय. फक्त दिसत नाई."

काम तीन आठवड्यांत संपलं. ट्रान्सड्यूसर गेला, डबी बोटीतच आहे, कारण एपॉक्सी निघत नाही. आतलं तेल काढून टाकायला भाचा विसरेल, काका ठेवतील, पुढच्या वर्षी दुसरीच एजन्सी येईल, काहीही होऊ शकतं. म्हणून भाच्याला मी न पुसणारं पेन दिलं होतं. झाकणावर त्यानं मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं: आत लिक्विड पॅराफिन आहे, औषधी, विषारी नाही, पिऊ नये. खाली बॅच नंबर आणि भरल्याची तारीख.

हे एवढं लिहायला अर्धं मिनिट लागलं. गॅरेजमध्ये, शेतात, घराच्या मोरीत अशा किती बाटल्या उभ्या असतात, पाण्याच्या बाटलीत रॉकेल, सरबताच्या बाटलीत फवारणीचं औषध. आमच्या यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ मध्ये कापसावरच्या फवारणीत वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गमावले आहेत. जहर कसं दिसतं, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. तरी आपण बाटलीवर नाव लिहीत नाही. तुमच्या घरात अशी एखादी बाटली असेल, तर आज संध्याकाळी तेवढं काम करा.